तराजू सरांचा शेवटचा गठ्ठा

“मॅडम, मास्तर मेलाय. आणि कामाचा इतका चोख, की सगळे पेपर तपासून मेलाय.”

हवालदाराने फोनवर ही वर्दी दिली तेव्हा इन्स्पेक्टरबाई ठाण्यातून घरी निघायच्या बेतात होत्या. हा हवालदार नोकरीत त्यांच्याहून जुना. सगळं ठाणं त्याला तात्या म्हणायचं, बाईसुद्धा. जीभ तिखट, पण नजर पक्की. तात्याने बोलावलं म्हणजे सरळ प्रकरण नसणार, हे ओळखून बाईंनी पिशवी परत खुंटीला अडकवली.

कॉलेजच्या फाटकावर हे एवढं मोठं कापड बांधलं होतं: ‘यंदाही निकाल शंभर टक्के’. आत व्हरांड्यात दोन्ही भिंतींवर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो. पहिले म्हणजे किती असावेत? भिंत संपली, पण पहिले संपले नाहीत. दिवेलागणीची वेळ, इमारत रिकामी, आणि ते सगळे हसरे चेहरे दोन्हीकडून आपल्याकडे बघतायत.

“इथं दुसरा नंबर कुणाचा येतच नाही वाटतं,” तात्या पुटपुटला.

गणिताच्या सरांची खोली वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला. टेबल खिडकीकडे, दाराकडे पाठ. सर खुर्चीत बसलेले, कपाळ टेबलाला टेकलेलं, आणि डोक्याच्या मागे घाव. एकच, पण पुरेसा. दगडी पेपरवेट खाली पडलेलं, स्वच्छ पुसलेलं. सरांच्या उजव्या हातात लाल पेन. शेजारी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, कडा जुळवून रचलेला. प्रत्येक पेपर तपासलेला, बेरीज केलेली.

बाईंनी हातमोजा चढवला, पेन हळूच सोडवून घेतलं आणि तात्याच्या वहीच्या कोपऱ्यावर ओढलं. उमटलं नाही. पुन्हा गिरवलं. कागद ओरखडला, बस्स.

“रिफील संपलीय. मास्तरची आणि पेनाची, दोघांची एकदम,” तात्या म्हणाला.

“जिभेला आवर घाला आणि खण बघा. दुसरं लाल पेन आहे का?”

खणात खडू, चष्म्याचं घर, फडकं, निळी पेनं. लाल एकही नाही. कचऱ्याचा डबा उपडा केला, त्यातही नाही. बाईंना काहीतरी खुपत होतं, पण काय ते अजून कळत नव्हतं.

डॉक्टर येऊन बघून गेले. “दुपारच्या जेवणानंतर आणि सहाच्या आधी. याहून नेमकं माझ्या बापालाही सांगता येणार नाही,” एवढं बोलून त्यांनी हात धुतले.

खाली प्राचार्यांच्या खोलीत दिवा लागला होता. प्राचार्य गृहस्थ भारदस्त, पण आज हातातली किल्ली सारखी फिरवत होते.

“सरांना शेवटचं कुणी पाहिलं?”

“शिपायाने. जेवणाच्या सुट्टीनंतर, दोनच्या ठोक्याला, त्याने परीक्षा विभागातून हा गठ्ठा वर नेऊन दिला. सील सरांनीच फोडलं. नंतर ते बाहेर आलेच नाहीत.”

“दुसरं कुणी वर गेलं नाही?”

“चारला शिक्षकांची सभा होती. सरांना मीच सूट दिली. उद्या गुणवत्ता समितीची बैठक, त्याआधी हे गुण हवे होते.”

“एवढा गठ्ठा तपासायला किती वेळ लागतो?”

“त्यांना ना? एकेका ओळीवर ठाण मांडून बसायचे. पाचच्या आत गठ्ठा संपणं शक्यच नव्हतं.”

“आणि पाचला तुम्ही सगळे कुठे होतात?”

“सभेत! पाचला सभा सुटली, सगळे मिळून चहाला गेलो, आणि चहा चालू असतानाच शिपायाची बोंब ऐकू आली. एकूण एक शिक्षक चारपासून माझ्या डोळ्यांसमोर होता.” हे सांगताना प्राचार्यांच्या जिवात जीव आला, आणि तो आलेला बाईंना दिसला.

“सरांशी वाकडं कुणाचं होतं?”

“कुणाचं नव्हतं ते विचारा! मुलं त्यांना तराजू म्हणायची. दहापैकी सहा दिले तरी पोरं उड्या मारायची. अहो, मीही एकेकाळी निम्मा वर्ग पाडणारा मास्तर होतो. पण आता मला कॉलेज चालवायचंय.”

तेवढ्यात दार लोटून इतिहासाचे सर आत आले. पांढरे केस, मायाळू चेहरा, रडून लाल झालेले डोळे. मुलं यांना कर्ण म्हणायची. मागावं आणि मिळावं. न मागताही मिळावं. चहा निवायच्या आत पेपरांचा गठ्ठा तपासून मोकळे, आणि त्यांच्या विषयात आजवर एक मूल पडलेलं नाही, अशी त्यांची ख्याती. बदली शिक्षक म्हणून कुठल्याही वर्गावर गेले की पोरं टाळ्या वाजवायची.

“न सांगता राहवत नाही म्हणून आलो,” कर्ण सर म्हणाले. “चहाला जाताना एक मुलगी वरून जिना उतरून धावत आली. पांढरीफटक पडली होती. मी हाक मारली, पण थांबली नाही. पोर गुणी आहे हो. मला तिचं नाव घ्यायचं नव्हतं. वकील लागला तर मी बघून देईन.”

“मागच्याच आठवड्यात ती सरांशी भर वर्गात भांडली होती,” प्राचार्यांनी लगेच जोड दिली.

मुलगी घरीच सापडली. अंथरुणात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. ठाण्यात आणल्यावर तिने पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरला.

“सरांच्या खोलीत गेली होतीस?”

“हो.”

“कधी?”

“पाचनंतर. दोनपासून पाचपर्यंत आमची प्रात्यक्षिक परीक्षा होती, मी प्रयोगशाळेतच होते. विचारा हवं तर.”

“मी पाचनंतरचंच विचारतेय. भांडलीस का त्यांच्याशी?”

“मागच्या आठवड्यात. एका गुणासाठी.”

“दिला त्यांनी?”

“नाही. माझीच चूक होती, ती त्यांनी फळ्यावर दाखवली.”

“मग आज कशाला गेलीस?”

“उद्याच्या बैठकीत काय होईल ते विचारायला. दार ढकललं. वाटलं, झोप लागलीय. जवळ गेले तर...” तिने डोळे मिटले.

“ओरडली का नाहीस?”

“आवाजच फुटला नाही. आणि मनात आलं, आता नवी पद्धत गेली, माझी जागा गेली. सर समोर मरून पडलेत आणि मला हे सुचतंय, याचीच भीती वाटली. पळाले.”

खोटं बोलणारा माणूस स्वतःबद्दल इतकं वाईट सांगत नाही, असं बाईंना वाटलं. पण वाटण्यावर खटले चालत नाहीत. सर पाचपर्यंत जिवंत, शिक्षक एकजात सभेत, आणि पाचनंतर वर गेलेली ही एकटी. वरच्या साहेबांचा फोन आलाच: उद्या दुपारी तिला कोर्टात उभी करा, विषय संपवा.

सकाळी ठाण्याच्या बाकावर एक तरुण बसला होता. बस चालवणारा, अजून गणवेशातच. मुलीचा मोठा भाऊ.

“बाई, आमची ठकी माणूस मारेल का हो? घरात पाल निघाली तर मलाच मारू देत नाही!”

“घरात आणखी कोण आहे?”

“आम्हीच दोघं. कॉलेजातून दर वर्षी एकाला बाहेरच्या मोठ्या संस्थेत पाठवतात, सगळा खर्च त्यांचा. त्या एका जागेवर हिचा डोळा. मी सांगून थकलो, सोपे विषय घे, दहापैकी दहा घे, मोकळी हो. सगळी पोरं तेच करतात. ही म्हणते, दादा, जिथं सगळ्यांनाच दहा, तिथं मला आलं की नाही ते मला कसं कळणार?” त्याने टोपी हातात चुरगळली. “आज कोर्टात गेली की झालं ना सगळं? नंतर सुटली तरी खुनी म्हणूनच बघतील लोक. ही पोर पुन्हा वर मान करायची नाही.”

बाईंनी त्याला खोटा धीर दिला नाही. “दुपारपर्यंत वेळ आहे,” एवढंच म्हणाल्या, आणि तात्याला गाडी काढायला सांगितलं.

कॉलेजात अर्थशास्त्राच्या बाई भेटल्या. बोलायला फटकळ, आणि समितीवर सरांच्या बाजूच्या एकट्या.

“ही नवी पद्धत काय भानगड आहे? मला झेपेल असं सांगा,” इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या.

“सोपं आहे. एका दुकानातला काटा दगड ठेवला तरी दहा दाखवतो, पीस ठेवलं तरी दहा. त्याला काटा म्हणाल का? आमच्याकडे असे पुष्कळ. मग सरासरी काढली की तीसेक मुलं एकदम पहिली. त्यातून एक निवडायचा प्राचार्यांनी, मुलाखत घेऊन. यंदा त्यांचा भाचा आहे त्या तिसात. आलं लक्षात?”

“आलं. आणि तराजू सर काय म्हणत होते?”

“एकाच वर्गात, एकाच शिक्षकासमोर बसलेल्या मुलांत कोण कुणाच्या पुढे गेलं ते बघा. सगळ्या वर्गांचं तसं बघा आणि एकमेकांना जोडत जा. जिथं सगळ्यांना सारखेच गुण, तिथं कुणीच कुणाच्या पुढे नाही, म्हणून ते गुण धरायचेच नाहीत. तसं केलं तर ती मुलगी पहिली येत होती, आणि भाचेसाहेब कुठल्या कुठे.”

“म्हणजे मुलांबरोबर शिक्षकांचीही परीक्षा.”

“अगदी! सर परवाच मला म्हणाले, एका शिक्षकाच्या गुणांची किंमत पूर्ण शून्य येतेय. नाव विचारलं तर म्हणाले, आधी त्यांच्याशी बोलतो.”

“बोलले?”

“देव जाणे.”

“काल सभेला कोण उशिरा आलं?”

“प्राचार्य शेवटी आले, तो त्यांचा मान. त्याच्या थोडे आधी कर्ण सर ओले हात पुसत आले. मी आणि बाकीचे आधीपासून बसून होतो.”

बाहेर पडल्यावर तात्या म्हणाला, “भाच्यासाठी मामाने गळा कापला, मॅडम. जुनीच गोष्ट.”

“गळा नाही कापला, डोकं फोडलं. आणि मामा काय, कुणीही काय, पाचला सभेत होते. आधी पाचचं कुलूप उघडू द्या मला.”

तिथून बाई तराजू सरांच्या घरी गेल्या. सरांची बायको जेवणाच्या टेबलाशी बसली होती. रडून झालं होतं, आता नुसती बसली होती.

“घरीसुद्धा असेच काटेकोर होते का हो?”

“माझ्या स्वयंपाकाला दहापैकी सहा द्यायचे,” ती म्हणाली. “लग्नाच्या वाढदिवसाला साडेसहा. मी चिडायचे. पण बाहेर कुणी उगाच वाहवा केली की मला ती गोड लागेना. सवयच मोडली होती.”

“पेपर घरी आणायचे?”

“याच टेबलावर. मला इथं भांडंही ठेवू द्यायचे नाहीत. सगळीकडे पेपर पसरलेले, जेवण आमचं जमिनीवर.”

“इतकी जागा कशाला लागायची?”

“त्यांची तऱ्हा जगावेगळी. एक पेपर घेऊन पुरा करायचा, असं कधीच नाही. आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न. मग गठ्ठा पत्त्यांसारखा पिसायचा. मग सगळ्यांचा दुसरा. पुन्हा पिसायचा. मी म्हणायचे, अहो, किती हा खटाटोप! तर म्हणायचे, पहिला पेपर बघताना माझं डोकं ताजं असतं, शेवटचा बघताना पोटात भूक असते. शेवटच्याने काय घोडं मारलंय?”

इन्स्पेक्टरबाई उभ्याच राहिल्या. “कधीच मोडली नाही ही पद्धत? घाईतसुद्धा?”

“ताप असताना नाही मोडली, घाईत कशाला मोडतील?”

परीक्षा विभागात जाऊन बाईंनी गठ्ठा पुन्हा उघडला. प्रत्येक पेपराचं नाव असलेलं पान दुमडून चिकटवलेलं, म्हणजे कोण कुणाचा ते तपासणाऱ्याला कळू नये. पाच प्रश्न, प्रत्येकी दहा गुण. त्यांनी पेपर खिडकीच्या उजेडात धरला, मग दुसरा, मग तिसरा. तात्या जांभया देत होता. अर्ध्या गठ्ठ्यानंतर बाई थांबल्या आणि गालातल्या गालात हसल्या. मग खालचे काही पेपर पुन्हा चाळले, आणि ते हसू विरलं.

“तात्या, गेल्या वर्षाचा एक जुना पेपर शोधा. ज्याला काहीही येत नव्हतं अशा मुलाचा. त्याच्या तीन झेरॉक्स काढा, गुण झाकून. आणि समितीला सांगा, मी येतेय.”

शिक्षकांच्या खोलीत लांब टेबलाशी प्राचार्य, अर्थशास्त्राच्या बाई आणि कर्ण सर बसले होते. समिती म्हणजे हे तिघं आणि चौथे तराजू सर. चौथी खुर्ची रिकामी होती. पंखा कुरकुरत होता. दाराशी तात्या.

“वेळ घेत नाही तुमचा,” बाई म्हणाल्या. “समजा, या मुलाचा निकाल आज तुमच्या हातात आहे. पन्नासपैकी गुण द्या. विषय तुमचा नाही हे मला माहीत आहे, अंदाजाने द्या. प्रत्येकाने आपल्या लाल पेनाने.”

“हा काय पोरखेळ आहे?” प्राचार्य गुरगुरले. पण पेपर उलटला आणि त्यांच्यातला जुना मास्तर जागा झाला. मुलाने नुसते प्रश्न उतरवून काढले होते. त्यांनी फर्रकन शून्य काढलं आणि पेपर सरकवला. अर्थशास्त्राच्या बाईंनी दोन दिले. “अक्षर बरं आहे म्हणून,” त्या म्हणाल्या.

कर्ण सरांनी खिशातून पेन काढलं, पानं भराभर उलटली, प्रत्येक प्रश्नाशी आकडा टाकला, बेरीज केली. मग पेनाला टोपण लावून ते परत खिशाला अडकवलं.

इन्स्पेक्टरबाईंनी तिन्ही पेपर पुढे ओढले.

“कर्ण सर, अठरा दिलेत.”

“हो. अठराला पास होतो.”

“कशाचे दिलेत?”

“लिहिलंय ना बिचाऱ्याने काहीतरी.”

“बरोबर,” बाई म्हणाल्या, आणि गठ्ठा टेबलावर ठेवला. “आता मी सांगते. काल सरांच्या हातात लाल पेन होतं आणि ते संपलेलं होतं. मग शेवटचे पेपर त्यांनी कशाने तपासले? खोलीत दुसरं लाल पेन नव्हतं. म्हणजे कुणीतरी तपासले, आणि आपलं पेन बरोबर घेऊन गेलं.”

प्राचार्यांची किल्ली फिरायची थांबली.

“आता शाई बघा. पहिल्या प्रश्नाचे गुण सगळ्या पेपरांत एकाच गडद लाल शाईत आहेत. पुढच्या प्रश्नांचं काय? वरच्या पेपरांत दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंत गडद लाल. मग मधल्या एका पेपरात रंग फिका पडत जातो, आणि तिथून खाली सगळ्या पेपरांत गुलाबी. सर सगळ्यांचा एकेक प्रश्न तपासायचे. त्यांची रिफील संपली असती, तर सगळे पेपर एका प्रश्नापर्यंत गडद आणि पुढे गुलाबी दिसले असते. इथं शाई प्रश्नावर बदलत नाही, पेपरावर बदलते. म्हणजे दुसऱ्या प्रश्नापासून पुढे कुणीतरी पेपरामागून पेपर हातावेगळे केलेत. आपण सगळे करतो तसे.”

“मग सर...” अर्थशास्त्राच्या बाईंचा आवाज चिरकला.

“सर पहिला प्रश्न संपवून गेले. म्हणजे जेवणानंतर थोड्याच वेळात. पाच वाजता नाही, चारच्या सभेच्या कितीतरी आधी. तेव्हा ती मुलगी प्रयोगशाळेत परीक्षा देत होती, सगळ्या वर्गासमोर. आणि तुम्ही शिक्षक मात्र मोकळे होता. गठ्ठा पुरा केला तो एवढ्यासाठीच: सर पाचपर्यंत जिवंत होते असं वाटावं, आणि तेव्हा आपण सभेत असावं.”

“पण मेलेल्या माणसाशेजारी बसून एवढे पेपर तासाभरात कोण तपासेल?” प्राचार्य म्हणाले.

“ज्याला वाचायची सवयच नाही तो. चहा निवायच्या आत मोकळा होणारा.”

कुणी कर्ण सरांकडे बघितलं नाही. सगळ्यांना बघायचं होतं, पण मान वळेना.

“सोंग चांगलं वठवलंत, सर. हात आखडून गुण दिलेत, तराजूंसारखे. कुठे पाच, कुठे साडेसात. पण गठ्ठ्यात तीन पेपर असे आहेत ज्यांत उत्तर म्हणून काही नाही. पहिल्या प्रश्नाला तराजूंनी तिघांनाही शून्य दिलंय. आणि बेरीज? तिघांचीही बरोबर अठरा. तराजूंनी शून्य दिलं असतं. प्राचार्यांनीही, आत्ता दिलंच. या कॉलेजात नापासाचा आकडा ज्याच्या हातून उमटतच नाही असा माणूस एकच. ते पेनही तुमच्या खिशाला आहे. आत्ताचे अठरासुद्धा गुलाबीच आहेत.”

कर्ण सरांनी खिशावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. मग ते बोलले तेव्हा आवाज शांत होता.

“माझा धाकटा भाऊ एका गुणाने पडला होता. तळ्यात सापडला. मी मास्तर झालो तेव्हा ठरवलं, माझ्या हातून कुणाला पाडायचं नाही. मी सरांना हेच सांगायला गेलो. म्हटलं, पहिला कोण ते सांगा हवं तर, पण शेवटचा कोण ते नका सांगू. यादी लागली की शेवटच्या पोराला तळ्यातून कोण काढणार?”

“काय म्हणाले?”

“मान वर न करता पेपर पिसत होते. म्हणाले, तुमच्या गुणांची किंमत शून्य येते, कारण तुम्ही पेपर उघडतच नाही. पडणाऱ्या पोराला काय येत नाही ते बघून शिकवलं असतंत, तर ती दया. तुम्ही नुसता कंटाळा केलात आणि भावाचं नाव दिलंत.” त्यांनी खिशावरचा हात खाली घेतला. “भावाचं नाव दिलंत म्हणाला तो. मला पुढचं काही आठवत नाही.”

“पुढचं आठवतंय तुम्हाला,” बाई म्हणाल्या. त्यांना राग आला होता, आणि त्यांनी तो लपवला नाही. “पेपरवेट पुसलंत. बसून पेपर तपासलेत. संपलेलं पेन मेलेल्याच्या हातात दिलंत. हात धुतलेत. आणि मग माझ्याकडे येऊन त्या पोरीचं नाव सांगितलंत. जन्मात कुणाला पाडलं नाही म्हणता ना? सगळ्या कॉलेजातून एकीलाच निवडलंत, आणि तिला थेट फासाकडे ढकललंत.”

कर्ण सरांनी तोंड झाकून घेतलं. “ती सुटली असती,” ते ओंजळीतून म्हणाले. “मी वकील देणार होतो.”

“चला, सर,” तात्या म्हणाला. या वेळी त्याला काही विनोद सुचला नाही.

दुपारी ठाण्यात बाईंनी मुलीला सगळं सांगितलं. भाऊ शेजारी उभा होता, कधी हसत होता, कधी डोळे पुसत होता. मुलीने कर्ण सरांचं नाव आलं तेव्हा एकदा मान हलवली, बस्स.

“माझा पेपर होता ना त्यात?” शेवटी तिने विचारलं.

“होता. परीक्षा विभागाने नावं उघडली. पस्तीस आहेत तुला. वर्गात सगळ्यांत जास्त.”

“पहिल्या प्रश्नाला किती?”

“साडेआठ.”

“तराजू सरांनी साडेआठ दिले?” तिचा चेहरा एकदम वाकडा झाला, आणि कालपासून न आलेलं रडू आता आलं. दादाने तिला जवळ घेतलं. “वेडी आहे,” तो बाईंना म्हणाला. “अगं, पहिली आलीस! त्या बाई सांगत होत्या, समिती नवीच पद्धत घेणार म्हणून. जागा तुझीच आहे.”

“नाही, दादा.” तिने ओढणीने तोंड पुसलं. “मॅडम, त्यांना सांगाल का, दुसऱ्या कॉलेजातले कुणी गणिताचे सर बोलवा म्हणून? बाकीचे चार प्रश्न पुन्हा तपासायला. सगळ्यांचेच.”

“कमी आले तर?” बाईंनी विचारलं.

“आले तर आले.”

“जागा जाईल हं. आहेत ते पस्तीस काही वाईट नाहीत.”

“त्यातले साडेआठच माझे आहेत,” ती म्हणाली. “बाकीचे त्यांनी न वाचता दिलेत.”

इन्स्पेक्टरबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. मग फोन उचलला आणि कॉलेजचा नंबर फिरवला.